स्टीफन फ्रायच्या आवाजातला हॅरी पॉटर: मागच्या रांगेतल्या बायकांसाठी जरूर ऐका

हॅरी पॉटरचे सातही भाग ब्रिटिश नट स्टीफन फ्रायच्या आवाजात ऐकून झाले. ज्यांनी पुस्तकं आधी वाचली आहेत त्यांनी तर हे ऐकायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. ब्रिटिश आवृत्तीचं वाचन फ्रायचं, अमेरिकन आवृत्तीचं जिम डेलचं. मी ऐकलं ते फ्रायचं. हॅरी, रॉन आणि हर्मायनीची गोष्ट आता घराघरांत ठाऊक आहे, ती मी पुन्हा सांगत बसत नाही. मला लिहायचंय ते त्या जगात मागे वावरणाऱ्या जादूगारणींबद्दल. कुणी शाळेचा दवाखाना सांभाळते, कुणी सरकारी पत्रांवर सही करते, कुणी परीक्षा घ्यायला बाहेरून येते, कुणी गावातल्या पबचा गल्ला बघते. त्यांच्या वाट्याला कुठे अर्धं पान येतं, कुठे एखादी ओळ. पण ती ओळ कानावर पडली की बाई डोळ्यांसमोर उभी राहते.

वाचताना नावांची यादी आली की आपली नजर भराभर खाली घसरते. कानाला ती सोय नाही. वाचणारा प्रत्येक नाव वाचतो आणि आपल्याला ते ऐकावं लागतं. पहिल्या भागात नवीन मुलांची चार हाउसेसमध्ये वाटणी होते, तेव्हा प्रोफेसर मॅकगोनॅगल आडनावांच्या क्रमाने पुकारा करतात. नॉट, पार्किन्सन, मग पाटील आणि पाटील या जुळ्या, मग सॅली-अ‍ॅन पर्क्स, आणि मग पॉटर. पुस्तक वाचताना सगळं लक्ष पॉटरकडे असतं. ऐकताना सॅली-अ‍ॅन पर्क्स हे नाव स्वच्छ कानात बसलं आणि मी तिची वाट बघायला लागले. ती पुढे येतच नाही. पाचव्या भागात मोठ्या परीक्षेच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तसाच पुकारा होतो: पार्किन्सन, दोघी पाटील, आणि थेट पॉटर. मधली मुलगी गेली कुठे? हजेरीपटावरचं एक नाव नाहीसं झालं आणि इतक्या मोठ्या शाळेत कुणी तिची चौकशीही करत नाही.

माझी सगळी नोकरी मिरजेत सर्जिकल वॉर्डात गेली, शेवटची वर्षं इन्चार्ज सिस्टर म्हणून. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वाचायला मनाई होती, तेव्हा नातीने फोनवर हे लावून दिलं. त्यामुळे मॅडम पॉम्फ्रीबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे.

पॉपी पॉम्फ्री ही हॉगवर्ट्सच्या, म्हणजे हॅरीच्या जादूच्या शाळेच्या, दवाखान्याची मेट्रन. वाचताना ती तापट, कडक बाई वाटते. पेशंटभोवती गराडा घालणाऱ्या मित्रमंडळींना हाकलते, पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं असं बजावते. बहुतेक वाचकांच्या लक्षात तेवढंच राहतं. सलग ऐकलं तर बाई काय करते आहे ते कळतं. दुसऱ्या भागात त्या गिल्डरॉय लॉकहार्ट नावाच्या शिक्षकाने हॅरीच्या मोडलेल्या हातावर भलतीच जादू केली आणि हाड जुळण्याऐवजी हातातली सगळी हाडंच गेली. पॉम्फ्री आधी रागावते ती थेट माझ्याकडे का आणलं नाही म्हणून. मोडलेलं हाड ती क्षणात जुळवते, नवीन उगवायला मात्र रात्र जाते आणि ती रात्र वाईट जाणार हे ती पोराला तोंडावर सांगते. खोटा धीर देत नाही. चांगल्या सिस्टरची ही पहिली खूण. दुखणार असेल तर दुखेल म्हणावं, म्हणजे पुढच्या वेळी पेशंट आपल्या शब्दावर विश्वास ठेवतो. मग मॅच जिंकलेली टीम चिखलाने भरलेली, केक आणि गोळ्या-चॉकलेटं घेऊन वॉर्डात शिरते आणि ती ओरडते की या मुलाला तेहतीस हाडं उगवायची आहेत, चला बाहेर! हे वाक्य फ्राय असं म्हणतो की मी हातातली भाजी बाजूला ठेवली. त्यात राग आहेच, शिवाय दिवसभर एकटीने वॉर्ड ओढल्यावर बाईच्या आवाजात येतो तो थकवाही आहे.

तिचा खरा मोठेपणा दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही जागा चटकन निसटून जाणाऱ्या आहेत. दुसऱ्याच भागात हर्मायनीचा चुकीच्या औषधाने मांजरासारखा चेहरा होतो, तेव्हा पोरं म्हणतात, दवाखान्यात चल, मॅडम पॉम्फ्री फारसे प्रश्न विचारत नाही. शाळेतल्या मुलांना हे माहीत असणं केवढी मोठी गोष्ट आहे! मूल घाबरून घरी लपून बसत नाही, दवाखान्यात येतं. दुसरी जागा तिसऱ्या भागात. ल्युपिन लहानपणापासून लांडगामाणूस, शाळेत कुणाला कळू नये म्हणून पौर्णिमेच्या सुमाराला त्याला गुपचूप मैदानापलीकडच्या झाडापर्यंत नेऊन सोडायचं. तो विद्यार्थी असताना त्याला नेणारी हीच मॅडम पॉम्फ्री. दर महिन्याला. एका वाक्यात येतं ते, श्रीकिंग शॅक नावाच्या पडक्या घरातल्या लांबलचक बोलण्यात. पुढे तोच ल्युपिन शिक्षक होऊन येतो, आगगाडीत घाबरलेल्या मुलांना डिमेंटरवरचा, म्हणजे माणसातला आनंद शोषून घेणाऱ्या प्राण्यावरचा, उपाय म्हणून चॉकलेट देतो, तर ती म्हणते, चला, औषध कळणारा शिक्षक मिळाला एकदाचा. त्याचं सगळं दुखणं जिला पोरवयापासून ठाऊक आहे ती बाई त्याच्याबद्दल एवढंच बोलते. पेशंटची गोष्ट पोटात ठेवायची, ती बाहेर काढायची नाही. आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं मी इथे जिवंत ऐकलं.

आणि सहाव्या भागाचा शेवट. मुख्याध्यापक डंबलडोर गेल्याची बातमी वॉर्डात येते तेव्हा बिल वीझ्लीचा चेहरा फाटलेला आहे, पॉम्फ्री त्यावर हिरवं, उग्र वासाचं मलम लावते आहे. ती रडायला लागते. कुणी तिच्याकडे बघत नाही, फक्त बिलची बहीण जिनी तिला गप्प करते, कारण बाहेर फिनिक्स पक्षी गातो आहे. मग ती हुंदका गिळते आणि बोटं तोंडावर दाबून धरते. सगळा वॉर्ड दुःखात बुडालेला असताना ड्युटीवरच्या बाईला रडायची मुभा नसते, हे लेखिकेला कसं कळलं असेल? तिथे मी थांबून मागे नेऊन पुन्हा ऐकलं. फ्राय त्या वाक्यावर अजिबात जोर देत नाही, सरळ पुढे जातो, आणि तेच बरोबर आहे.

आता ज्या बाईसाठी मी हा अभिप्राय लिहायला बसले तिच्याकडे येते. मिरियम स्ट्राउट. चाहत्यांनाही हे नाव आठवणार नाही. पाचव्या भागात नाताळच्या दिवसांत मुलं लंडनच्या सेंट मंगोज या जादूगारांच्या इस्पितळात जातात आणि चुकून कायमच्या पेशंटांच्या बंद वॉर्डात पोचतात. तिथली हीलर, म्हणजे उपचार करणारी, केसांत चमकी बांधलेली, आईसारखी वाटणारी बाई आहे. लॉकहार्ट आता त्याच वॉर्डात आहे, स्मृती गेलेला. त्याला कुणी भेटायलाच येत नाही म्हणून ही पोरं त्याला भेटायला आली असं समजून तिला इतका आनंद होतो! मग ती पेशंटांना नाताळच्या भेटी वाटत फिरते. ब्रॉडरिक बोड नावाच्या पुटपुटणाऱ्या माणसाला सांगते, बघा, तुम्हाला कुणीतरी कुंडी पाठवली आहे आणि कॅलेंडरही, आता जरा बरं वाटेल नाही? आणि ती लोंबत्या फांद्यांची कुंडी त्याच्या उशाशी ठेवते.

दोन प्रकरणांनी पेपरात बातमी येते. 49 वर्षांचा बोड अंथरुणात मेलेला सापडला, कुंडीतल्या झाडाने गळा आवळला. ते झाड म्हणजे डेव्हिल्स स्नेअर, माणसाला विळखा घालून मारणारं. हीलर-इन-चार्ज मिरियम स्ट्राउट यांना पूर्ण पगारावर निलंबित केलं आहे. इस्पितळाचा प्रवक्ता सांगतो की वॉर्डात काय सजावट चालते याचे कडक नियम आहेत, पण नाताळच्या गर्दीत हीलर स्ट्राउटच्या नजरेतून ते सुटलं. आणि सगळ्यात वाईट तपशील: बोडचं बोलणं, हालचाल सुधारत चालली होती म्हणून तिनेच त्याला सांगितलं होतं की झाडाची काळजी तुम्हीच घ्या.

हे मी ऐकलं तेव्हा सुन्न झाले. जुनाट पेशंट जरा सुधारला की आम्हीही हेच करतो. आपला पेला आपण विसळा, केस आपण विंचरा, खिडकीतल्या तुळशीला पाणी घाला. हे नर्सिंगमधलं सगळ्यात चांगलं काम आहे. त्या बाईने तेच केलं आणि तेच तिच्या अंगाशी आलं. माझ्या नोकरीत एका ठिकाणी ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेल्या पेशंटला नातेवाइकांनी पदराआडून आणलेला शिरा भरवला. टेबलवर उलटी झाली, पेशंट कसाबसा वाचला, आणि मेमो मिळाला तो चाळीस खाटांवर एकटी असलेल्या सिस्टरला. शिरा आणणाऱ्याला कुणी काही विचारलं नाही. बातमीत नाव कुणाचं छापलं जातं ते बघा. बोडला मारण्यासाठी झाड पाठवणाऱ्याचं नाव बातमीत नाही, स्ट्राउटचं आहे, हुद्द्यासकट.

हर्मायनी लगेच ओळखते की हा खून आहे. रॉन म्हणतो आपला काय दोष, पाठवणाऱ्याचा दोष. म्हणजे मुलांचा दोष नाही हे मुलांनी ठरवलं. पण स्ट्राउटचं काय झालं? चौकशी झाली का, परत कामावर घेतलं का? गोष्ट तिच्याकडे पुन्हा वळत नाही. मला वाटतं, लेखिकेने ते मुद्दाम तसं सोडलं असेल तर फार बारीक काम आहे, आणि अनवधानाने सुटलं असेल तरी खऱ्या जगात असंच होतं.

त्याच वॉर्डात अ‍ॅलिस लाँगबॉटम आहे, हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलची आई. एके काळची ऑरर, म्हणजे काळ्या जादूशी लढणारी सरकारी अधिकारी. छळामुळे कायमची भान हरपलेली. ती लेकाच्या हातात च्युइंगगमचा रिकामा कागद ठेवते. सासू ऑगस्टा म्हणते टाकून दे कचऱ्यात, आतापर्यंत खोलीच्या भिंती झाकतील एवढे झाले असतील, आणि मुलगा कागद खिशात घालतो. ऑगस्टाला लोक हॅटवरच्या भुसा भरलेल्या गिधाडामुळे लक्षात ठेवतात. मी तिला ठेवते ती मुला-सुनेबद्दल लाज वाटू देऊ नकोस म्हणून नातवाला चारचौघांत खडसावणारी आजी म्हणून.

सरकारी खात्यातल्या बायकाही ऐकण्यासारख्या आहेत, पण त्यांच्याबद्दल थोडक्यात. माफाल्डा हॉपकर्क दुसऱ्या भागात नुसती सही आहे, हॅरीला जादू केल्याबद्दल ताकीद देणाऱ्या आणि खाली सुट्टी मजेत घालवा असं लिहिणाऱ्या पत्राखालची. पाचव्यात पुन्हा पत्र, पुन्हा सही. सातव्या भागात ती पहिल्यांदा माणूस म्हणून दिसते, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांची लहानखुरी बाई, आणि दिसते न दिसते तोच हर्मायनी तिला बेशुद्ध करून तिचं रूप घेते. सही, मग पुन्हा सही, मग शरीर, आणि ते शरीरही दुसऱ्याने वापरलेलं. त्या रूपात हर्मायनीला मेरी कॅटरमोल नावाच्या बाईच्या सुनावणीत अम्ब्रिज या दुष्ट सरकारी अधिकारी बाईशेजारी बसून नोंदी घ्याव्या लागतात. मेरीचा गुन्हा काय, तर आईबाप जादूगार नव्हते.

ग्रिझेल्डा मार्चबँक्स यांच्यावर माझा फार जीव आहे. वाकलेल्या, सुरकुतलेल्या, थोडं कमी ऐकू येणाऱ्या. डंबलडोरची परीक्षा घेतलेली बाई, म्हणजे वय किती असेल! अम्ब्रिजला शाळेवर तपासनीस नेमलं तेव्हा निषेध म्हणून यांनी विझेंगामॉटचा, म्हणजे जादूगारांच्या न्यायमंडळाचा, राजीनामा दिला, आणि तरीही परीक्षा घ्यायला शाळेत आल्या. अम्ब्रिज पुढे पुढे करते आणि या तिला धूप घालत नाहीत. हे संवाद फ्रायच्या आवाजात फार चांगले उतरलेत. अमेलिया बोन्सही तशाच, एका डोळ्याला चष्म्याची काच लावून हॅरीच्या सुनावणीला बसलेल्या. अख्ख्या दरबारात एकट्या त्यांनाच खरं काय घडलं हे ऐकून घ्यायचं असतं. सहाव्या भागाच्या सुरुवातीलाच त्यांच्या खुनाची बातमी येते, दोनचार वाक्यांत.

आता पाटील बहिणी. आपल्याकडच्या कुठल्याही वाचकाचा कान तिथे टवकारतोच. पार्वती ग्रिफिंडरमध्ये, पद्मा रेव्हनक्लॉमध्ये. सिनेमात दोघींना एकाच हाउसमध्ये टाकलंय, पुस्तकात तसं नाही. पार्वती पहिल्या भागात नेव्हिलची टिंगल करणाऱ्या मालफॉयला गप्प राहा म्हणते, अकरा वर्षांची असताना. पद्मा पाचव्या भागात प्रीफेक्ट होते. दोघी डंबलडोर्स आर्मी या मुलांच्या गुप्त गटात आहेत. शेवटच्या लढाईत पार्वती शत्रूपक्षातल्या ट्रॅव्हर्ससमोर उभी ठाकते. एवढं सगळं असूनही बहुतेकांना आठवतो तो चौथ्या भागातला नाच, जिथे हॅरी आणि रॉन ऐन वेळी जोडीदार हव्यात म्हणून यांना विचारतात आणि मग रात्रभर त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत. पार्वती केसांत सोनेरी गोफ गुंफून, सोन्याच्या बांगड्या घालून किती हौसेने आलेली असते! इथे मला लेखिकेची तक्रार करायची आहे. घरी कोण आहे, आई-वडील काय करतात, पाटील कुटुंब ब्रिटनमध्ये कधी आलं, यातलं काहीही सांगितलेलं नाही. नाव दिलं, बांगड्या दिल्या, घर दिलं नाही. डंबलडोर गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या आधी पाटील जुळ्या शाळेतून गेलेल्या असतात, एवढंच कळतं. कोण न्यायला आलं होतं त्यांना? त्या एका वाक्यात मला काळजीने रात्रभर न झोपलेले आई-बाप दिसले, आणि त्यांच्यावर निदान एक परिच्छेद हवा होता.

वाचनातल्या उणिवाही सांगते. एकच माणूस शेकडो पात्रं वाचतो, त्यामुळे वयस्क बायकांचे आवाज कधी कधी एकमेकींत मिसळतात. मॅडम पिन्स, म्हणजे ग्रंथपाल, आणि पॉम्फ्री यांच्यात घाईत ऐकताना माझी गल्लत होते. हल्ली अनेक कलाकार घेऊन केलेली नवी ध्वनी-आवृत्तीही निघाली आहे. पण मला फ्रायच पसंत, कारण तो निवेदन करताना कुठल्याही बाईला हास्यास्पद करत नाही. दुसरी अडचण शोधण्याची. छापील पुस्तकात खूण घालता येते, इथे एखादं वाक्य पुन्हा शोधायला प्रकरणच्या प्रकरण चाळावं लागतं. बुकमार्कचं बटण पहिल्या दिवसापासून वापरा. आणि इंग्रजी ब्रिटिश वळणाचं आहे. ज्यांना सवय नाही त्यांनी आधी मराठी अनुवाद वाचून मग ऐकलं तर काही अडत नाही, मीही तसंच केलं.

वेग एकवरच ठेवा. दीड पटीवर हॅरी समजतो, पण स्ट्राउट आणि सॅली-अ‍ॅन दोघीही हातातून जातात. सगळे सात घ्यायचे नसतील तर एकट्या पाचव्याला हात घाला. सातांत तो सगळ्यात लांब आहे, बरेच जण कंटाळवाणा म्हणतात, पण या बायका सर्वांत जास्त त्यातच आहेत. तेविसावं आणि पंचविसावं प्रकरण मात्र एकाच दिवशी ऐका. मध्ये दोनचार दिवस गेले की उशाशी ठेवलेली ती कुंडी विसरायला होते, आणि पेपरातली बातमी आली तरी तिच्यातली बाई ओळखू येत नाही.